राहणार बोरी

अप्पा,

साहेबांनी आज पुन्हा विचारलं. "संध्याबाई, सगळं झालंय, तेवढा मृत्यूनोंदीपुढचा शब्द राहिलाय. काय लिहायचं ते लिहा आणि टाका पाठवून." मी म्हटलं, लिहिते. ते दारापर्यंत गेले, परत फिरले, तुमच्या रिकाम्या खुर्चीकडं बघून आवाज बारीक केला आणि म्हणाले, "मध्यम लिहा ना. कुणाला वाईट वाटायला नको." तुम्ही नव्हता ते त्यांचं नशीब. तुम्ही असता तर चष्मा कपाळावर चढवून विचारलं असतं, "वाईट कुणाला वाटंल साहेब, नोंदीला का मेलेल्याला?" आणि मग चहा येईपर्यंत त्यांची सुटका नव्हती.

तुमच्या खुर्चीवर अजून कुणी बसलेलं नाही. काकूंनी जुन्या लुगड्याची शिवून दिलेली गादी तशीच आहे. शिपाई रोज सकाळी खुर्ची पुसतो. मी रोज म्हणते, कशाला पुसतोस रे बाबा, कुणी बसायचंय का तिथं? तो ऐकून घेतो आणि पुसतोच. मला मनातून बरं वाटतं.

तुम्ही कुठं जन्मला, किती शिकला, नोकरीला कधी लागला, हे मी इथं लिहिणार नाही. ते तुमच्या सेवापुस्तकात आहे, ज्याला पाहिजे त्यानं जाऊन बघावं. मला आपलं भांडण लिहायचंय. ते अर्धं राहिलंय आणि तुम्ही मधूनच उठून गेलात. असं कुणी करतं का?

ते काम वरून आलं तेव्हा तुमची निवृत्ती जवळ आली होती. आपल्या सांख्यिकी कार्यालयानं आजवर काय काय मोजलं! विहिरी मोजल्या, जनावरं मोजली, बाजारातले भाव उतरवले, पीक कापून त्याचं वजन घेतलं. या वेळी पत्र निराळंच होतं. देशाच्या आकडेवारीला जिल्ह्यातून माहिती कुठून कुठून मिळते ते शोधा, आणि त्यातला कुठला झरा किती भरवशाचा ते ठरवा. पावसाचं माप, बाजार समितीची आवक, शाळेचा पट, दवाखान्याची वही, जन्माची आणि मरणाची नोंद, शेतकऱ्यानं मोबाईलवर भरलेली पीकपाहणी, वरून उपग्रहानं काढलेली चित्रं, सगळं. प्रत्येकापुढं एकच शब्द लिहायचा: पक्का, मध्यम किंवा कच्चा.

तुम्ही पत्र दोनदा वाचलंत आणि म्हणालात, "आवं संध्याबाई, हे तर तराजूचंच वजन करायला लावायलेत की."

"मग तराजू ठेवायचा कशात?" मी विचारलं.

"दुसऱ्या तराजूत," तुम्ही म्हणालात. "आन् दुसरा तिसऱ्यात. पेन्शन बसेपर्यंत पुरंल हे काम."

थट्टा केलीत, पण त्याच दिवशी दुपारी दोन नियम घातलेत. पहिला असा की माप घेताना हात लावायचा नाही. जसं चालतं तसं बघायचं. आपण शेजारी बसलोय म्हणून कुणी नीट लिहायला लागलं, तर ते माप नव्हे. दुसरा नियम सेलूला जन्मला, माझ्यामुळं. कापसाच्या आवकेवरून आपली जुंपली होती. मी म्हणत होते, सेलूच्या बाजारात शेजारच्या जिल्ह्याचा कापूस येतो आणि आकड्यात तो आपला होऊन बसतो, म्हणून हा झरा कच्चा. तुम्ही म्हणत होता, "बाजार बाजाराचं सांगतोय, शेताचं न्हाई. कुठं पिकला ते पेऱ्यात बघा, कुठं विकला ते बाजारात बघा. दोन्ही खरंच हाय." ऊन मी म्हणत होतं, जिनिंगची रुई नाकातोंडात जात होती. मी वैतागून म्हटलं, अप्पा, लिहा मध्यम आणि चला चहाला. तुम्ही असे चिडलात की मी पहिल्यांदा तुम्हाला घाबरले. "भांडण मिटवायला सरासरी काढायची न्हाई! एक तर तुमी मला पटवा, न्हाई तर म्या तुमाला पटवतो. मधला शब्द भेकडाचा." कापसाचं तुम्ही मला पटवलंत. पक्का लिहिलं.

येलदरीला मात्र मी जिंकले, आठवतंय का? धरणातल्या माशांची नोंद बघायला गेलो होतो. तुम्ही पक्के शाकाहारी, गळ्यात लिंग, कपाळाला भस्म, नाकावर रुमाल, आणि काठावर उभं राहून कोळ्याला विचारताय, "ह्याला काय म्हन्तेत? आन् त्याला?" तो बिचारा रोहू, कटला, मरळ दाखवतोय आणि तुम्ही मान वळवून लिहून घेताय. मासा न बघता माशाची माहिती घेणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. वहीत वजन चोख होतं. पण जेवायला मी धरणापाशी हॉटेलात बसले, तळलेला तुकडा मागवला आणि बाईला सहज विचारलं, मासा कुठून घेता? म्हणाली, "सकाळी बाया डोक्यावर घेऊन येत्यात की." त्या बायांचा मासा वहीपर्यंत जातच नव्हता. बाहेर झाडाखाली शेंगदाणे खात बसलेल्या तुम्हाला मी येऊन सांगितलं. तुम्ही निमूट कागद काढलात आणि स्वतःच्या हातानं कच्चा लिहिलंत. वर म्हणालात, "बघा, खाल्ल्यामुळं कळलं. म्या शंभर खेपा आलो असतो तरी कळलं नसतं."

असं हरायला जमणारी माणसं कमी असतात, अप्पा. मला तर अजिबात जमत नाही.

आणि ती वखार! त्या आठवणीनं मी तुमच्या मातीच्या दिवशीसुद्धा हसले, आणि माझ्या शेजारी उभ्या असलेल्या बाईला वाटलं हिला वेड लागलं. मरणाच्या नोंदी खऱ्या का खोट्या हे ताडायला तुम्ही एक युक्ती काढली होती. गावात माणूस गेला की सरणाला लाकूड लागतं, लाकूड वखारीतून जातं, मग वखारवाल्याला विचारलं की नोंदीची परीक्षा होते. मुसलमानांची वस्ती तुम्ही आधीच बाजूला काढली. "त्यांच्यात दफन करतेत, त्यांचं कब्रस्तानात विचारू." मी मनात म्हटलं, किती बारीक विचार करतो हा माणूस. सेलूच्या वखारीत गेलो, गल्लीगल्लीचं ताडून बघितलं, आणि एका गल्लीपाशी तुम्ही थांबलात. नोंदीत तिथं मरणं होती, पण वखारीतून लाकूड गेलेलंच नव्हतं. तुमचे डोळे चमकले. "संध्याबाई, सापडलं! खोट्या नोंदी हायेत ह्या. कायतरी मामला हाय."

वखारवाल्यानं विचारलं, कोणती गल्ली? तुम्ही सांगितली. त्यानं तुमच्या कपाळावरच्या भस्माकडं बघितलं, मग माझ्याकडं, मग परत तुमच्याकडं. "अप्पा, ती तर तुमच्याच लोकांची गल्ली हाय. तुमच्यातल्या कुणी आजवर माझ्याकडून लाकूड नेलंय का?"

लिंगायतांत माणूस जाळत नाहीत, पुरतात, हे लिंगायत माणूस विसरला होता! मग तुम्ही जे हसायला लागलात ते थांबेचनात. ओंडक्यावर बसलात, डोळे पुसलेत, परत हसलात. "मोजायच्या नादात म्या मलाच सोडून देलो की हो!" वखारवाल्यानं त्या आनंदात आपल्याला चहा पाजला. ऑफिसात ही गोष्ट तुम्ही स्वतःच सगळ्यांना सांगितलीत, दर वेळी थोडी वाढवून.

आता मूळ भांडणावर येते.

त्या दिवशी तुमच्याच गावी, बोरीला, ग्रामपंचायतीत बसलो होतो. तुम्हाला तर गावातलं मरण अन् मरण पाठ. जन्मभर एसटीनं परभणीला आलात नि संध्याकाळी बोरीला परत गेलात, ऑफिसच्या गावी कधी खोली केली नाहीत. ग्रामसेवकापुढं तुम्ही एकेक नाव घ्यायला लागलात. म्हादूचा बाप कुठंय? "तो नांदेडला वारला अप्पा, नोंद तिकडं." किराणावाल्याची आई? "ती संभाजीनगरला. तिकडंच नोंद." गिरणीवाला? "तोबी नांदेडला." मी टेबलावर हात आपटला. कच्चा!

"कामून?" तुम्ही शांतपणे विचारलंत. तुमच्या त्या शांतपणाचा मला लय राग यायचा.

"कामून म्हणजे? गावात माणसं कमी झाली आणि गावाच्या नोंदीत कुणी मेलंच नाही!"

"नोंद जिथं मरण आलं तिथं करायची, असाच कायदा हाय. झाली का न्हाई नोंद? झाली. देशाच्या बेरजेत आली का न्हाई? आली. एक माणूस गेला, एक लिहिला गेला. बेरीज बराबर. मग तुमचं दुखणं काय?"

"दुखणं असं की उद्या बोरीचं पाणी खराब झालं, माणसं आजारी पडली, नांदेडला जाऊन मेली, तर आकडा नांदेडचा वाढणार. डॉक्टर नांदेडला पाठवतील, बोरीला नाही."

"त्याच्यासाठीच तर नोंदीत राहण्याचं गाव विचारतेत," तुम्ही म्हणालात. "मेला कुठं ते एक, राहत कुठं होता ते दुसरं. तेवढं गाव बराबर लिहिलं की माणूस आकड्यात आपल्या घरी येतो. म्हणून पक्का."

आणि इथं मी तुम्हाला जे सांगितलं त्यावरून पुढचे सगळे महिने गेले. मी म्हटलं, अप्पा, लिहिणारा बरोबर लिहील, पण सांगणारा सांगतो का? आपला माणूस बाहेर गेला की गावाचं नाव सांगत नाही. जिंतूरच्या बाजारात कुणी विचारलं तर बोरी म्हणतो. नांदेडात विचारलं तर परभणी. पुण्यात विचारलं तर परभणीही नाही, नुसतं मराठवाडा. समोरच्याला काय कळणार आपलं गाव, म्हणून स्वतःच गाळून टाकतो.

"आवं, मेल्यावर खोटं कोण बोलंल?"

"खोटं नाही हो, सवय!"

तुम्ही मानलं नाहीत. एसटीत भांडलो, जेवताना भांडलो. मी स्वतः आजोळी जन्मले, पहिलं बाळंतपण माहेरी म्हणून, त्यामुळं माझा जन्माचा दाखला सेलूचा. तोही तुम्ही वापरून घेतलात. "तुमी तर सेलूच्या आकड्यात हायेत, आन् भांडायलात परभणीत बसून. तुमचं कुठं काय अडलं?" मी म्हणायचे, अडलं नाही कारण मी जिवंत आहे, येऊन सांगू शकते. मेलेला कुठून येऊन सांगणार? यावर तुम्ही विषय पावसाकडं न्यायचात. म्हणजे मुद्दा लागलाय हे मला कळायचं, आणि त्या दिवशी घरी जाऊन मी पोळ्यासुद्धा गुणगुणत लाटायचे.

शेवटी ठरलं की नांदेडला जाऊ, मोठ्या दवाखान्यात नोंदीची खिडकी असते, तिच्याशेजारी दिवसभर बसू, आणि ऐकू लोक काय सांगतात ते. हात न लावता. त्यानंतर जो हरेल तो दुसऱ्याचा शब्द लिहील. तारीखसुद्धा धरली होती. मधेच तुमचं पोटाचं दुखणं निघालं आणि मी एकटी परभणीत राहिले. तुम्ही माझ्या आधी नांदेडला पोचलात, त्याच दवाखान्यात.

भेटायला आले तेव्हा मुगाचं वरण आणि मऊ भात घेऊन आले होते. सकाळची वेळ, खिडकीतून ऊन आलेलं, काकू केस विंचरत बसलेल्या. तुम्ही उशीला टेकून बसला होता, चेहरा ओढलेला, पण भस्म लावलेलं. मी काही विचारायच्या आत तुम्हीच म्हणालात, "खिडकी बघून आलात का?"

"कसली खिडकी?"

"नोंदीची. खाली हाय, औषधाच्या दुकानाकडून डाव्या हाताला. मला ढकलगाडीवरून नेताना म्या बघून ठेवली."

मी रागावले. अप्पा, मरणाच्या गोष्टी कशाला करताय? तुम्ही म्हणालात, "मरणाच्या न्हाई हो, मृत्यूनोंदीच्या." काकूंनी कंगवा गादीवर टाकला आणि उठून बाहेर गेल्या.

मग तुम्ही मला जवळ बोलावलंत. आवाज खाली गेला होता, पण थट्टा गेली नव्हती. "ऐका. म्या इथंच गेलो तर तुमी त्या खिडकीपाशी उभ्या राहा. आमच्या महेशला काय शिकवू नका. हात लावू नका. निसतं ऐका, तो काय सांगतोय ते. मला बघायला मिळणार न्हाई, तुमी बघा."

"एका नोंदीनं काय सिद्ध होतंय?" मी म्हटलं.

"सिद्ध न्हाई होत. पण मला उत्सुकता लय हाय," तुम्ही म्हणालात आणि हसलात. "माव्हं पोरगं बोरीच म्हणंल. पैज लावा."

मी पैज लावली नाही. तुम्हाला वरण भरवलं, तुम्ही थोडं खाल्लंत, मीठ कमी आहे म्हणालात. निघताना मला काहीतरी म्हणायचं होतं. एवढंच की अप्पा, मला हे भांडण मिटवायचं नाही, तुमच्याशी भांडत असले की मला माझंच डोकं चालल्यासारखं वाटतं, असं मला दुसऱ्या कुणी वाटू दिलं नाही. म्हटलं पुढच्या वेळी सांगू. डबा उचलला आणि आले.

महेशचा फोन आला तेव्हा मी दळण टाकायला निघाले होते. दळण तिथंच ठेवून गाडी पकडली.

तुमचा लेक चांगलाच आहे हो, अप्पा. सगळं धीरानं करत होता. डॉक्टरांचा कागद घेतला, मामांना फोन केले, काकूंना पाणी दिलं. मग म्हणाला, "मावशी, नोंदीला चला जरा माझ्यासंगं, मला काय समजंना झालंय." आणि मी त्या खिडकीपाशी उभी राहिले. औषधाच्या दुकानाकडून डाव्या हाताला, तुम्ही सांगितलं होतं तशीच.

आत एक माणूस विचारून विचारून लिहीत होता. नाव? सांगितलं. वय? सांगितलं. बापाचं नाव? सांगितलं. महेशच्या एका हातात तुमचा चष्मा होता, तो त्यानं खाली ठेवलाच नव्हता.

"राहणार?"

महेश म्हणाला, "परभणी."

अप्पा, मी जिंकले. मी महिनोन्महिने जे बोंबलून सांगत होते ते अगदी तसंच, त्याच शब्दात, तुमच्या पोटच्या लेकाच्या तोंडून निघालं. त्याच्या मनात खोटं काही नव्हतं. नांदेडात कुणी विचारलं तर आपण जे म्हणतो तेच तो म्हणाला. माणसानं पेन टेकवला. मला 'प' दिसला. तुम्ही हात लावू नका म्हणाला होता. मला तुमचा नियम पाठ होता, आजवर मी तो एकदाही मोडला नव्हता. आणि मला दिसत होतं की आता तुम्ही बोरीला येणार नाही. माती बोरीला जाईल, पण आकड्यात तुम्ही परभणी शहरातले कुणीतरी होऊन बसणार. एवढी वर्षं रोज संध्याकाळी धावत जाऊन शेवटची गाडी पकडलीत, ती कशासाठी?

मी जाळीतून हात आत घातला. "परभणी नाही! बोरी. तालुका जिंतूर. खोडा ते."

तो माणूस दचकला. "म्याडम, तुमी कोण त्यांच्या?"

काय सांगायचं? बहीण नाही, भावजय नाही, मेहुणी नाही. मी म्हटलं, मी त्यांच्या ऑफिसातली. त्याला ते काही पटलं नाही. "जिल्हा तर परभणीच हाय ना? काय फरक पडायलाय?"

"फरक पडतो!" मी एवढ्या जोरात ओरडले की औषधाच्या रांगेतली माणसं वळून बघायला लागली. मग मला रडू आलं. महेशनं माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "हौ हौ, बोरीच. बोरीच लिहा साहेब. माझ्या तोंडातून निघून गेलं तसं." त्या माणसानं नवा कागद घेतला आणि पहिल्यापासून लिहिलं. राहणार बोरी, तालुका जिंतूर. मी वाचून बघितलं तेव्हाच तिथून हलले.

दुसऱ्या दिवशी तुमच्या शेतात, विहिरीच्या अंगाला, तुम्हाला समाधीत बसवलं. बेल, फुलं, भस्म, कपाळ पांढरंशुभ्र. जंगमस्वामी आले होते, मंत्र म्हणत होते. सगळे म्हणत होते अप्पा लिंगैक्य झाले. तुम्ही मान ताठ करून बसला होता, साहेब काही चुकीचं बोलले की बसायचात तसेच. मी एक मूठ माती टाकली. तेव्हाच मला ती वखार आठवली.

निघताना काकूंनी मला धरलं. "बाई, रोज घरी आले की तुमचंच सांगायचे. आज बाईनं मला असं म्हणलं, म्या बाईला तसं म्हणलं. भाकरी थंड व्हायची. तुमचं ते भांडण मिटलं का वो?"

"नाही मिटलं, काकू."

"न्हाई मिटलं ते बरं झालं," काकू म्हणाल्या. "त्यांना लय आवडायचं."

मला वाटत होतं की काकूंना माझा राग येत असेल. किती उलटं असतं बघा.

गेल्या आठवड्यात मी रजा टाकून नांदेडला गेले. एकटीच. आपलं ठरलं होतं तसं खिडकीशेजारच्या बाकावर सकाळी बसले आणि खिडकी बंद होईपर्यंत बसून राहिले. तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा तुमच्याशी मनातल्या मनात बोलले नाही, नुसतं ऐकलं. माणसं येत होती, रडून आलेली, न रडता आलेली. "राहणार?" "परभणी." "राहणार?" "हिंगोली." "राहणार?" "तिकडं, परभणीकडं." दर वेळी माझा हात जाळीकडं जायला बघत होता आणि मी तो पदराखाली दाबून धरत होते. दुपारी एक म्हातारी आली, नवरा गेला होता तिचा. तिला विचारलं तेव्हा तिनं गाव सांगितलं, तालुका सांगितला, वर म्हणाली, मारुतीच्या देवळामागं, बाभळीपाशी. लिहिणारा हसला, पण त्यानं गाव नीट लिहिलं. ही एक तुमच्या बाजूची, अप्पा. तुम्ही असता तर तेवढ्या एका म्हातारीच्या जोरावर अजून वर्षभर भांडला असता, आणि कोण जाणे, मला पटवलंही असतं.

पण तुम्ही नाही आणि साहेबांना आजच पाहिजे. मध्यम मी लिहिणार नाही, तो भेकडाचा शब्द. पक्का लिहावा असं फार वाटलं. तुमच्यासाठी म्हणून, शेवटचं म्हणून. कागद समोर घेऊन बसले, तुमच्या खुर्चीकडं बघितलं, आणि कळलं की तुमच्यासाठी म्हणून खोटं लिहिलं तर तुम्ही त्या शेतातनं उठून याल.

म्हणून कच्चा लिहिलंय. खिडकीपाशी जे जसं ऐकलं तसं कारणही खाली लिहिलंय, म्हातारीसकट. फक्त तुमची नोंद मी त्यात धरलेली नाही, अप्पा. ती मोजमापातून बाहेर काढली. तिला मी हात लावला होता.